उंबरपाडा ते कोळेघर, बांधावरून

त्या पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा जुलैचा दुसरा आठवडा होता. पोस्टचं नाव इथे लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. नियंत्रण रेषा समोरच्या डोंगराच्या माथ्यावरून जायची. खाली उतारावर मक्याची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं होती आणि त्या शेतांत दोन गावं, एक खालचं, एक वरचं. या दोन गावांमध्ये पेट्रोलिंग करणं हे आमच्या सेक्शनचं काम. मी हवालदार विष्णू शेलार, सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली नऊ जवान.

दुपारी साडेचारला पोचलो आणि पाठीवरचं सामान उतरवलं. एका जवानाने चहाचा मग पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभाच राहिला.

"दादा, तुम्ही उंबरपाड्याचे ना?"

"हो. तू?"

"कोळेघर. हिरू गायकरांचा मुलगा. दिनेश."

मला हसू आवरेना. घरापासून दोन हजार किलोमीटरवर येऊन मला भेटला कोण, तर हिरू गायकरांचा मुलगा! त्याच्या बापाने मला लहानपणी ढेकळं मारलेली होती. एक नाही, मोजून सात-आठ.

हे कळायला आमची वाट माहीत पाहिजे. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने खडवलीला उतरायचं, तिथून रिक्षाने उंबरपाडा. पुढे कोळेघर पायी. कोरड्या दिवसांत पंचावन्न मिनिटं, पावसाळ्यात सव्वा तास. उंबरपाड्याच्या शिवेवर चेडोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथून वाट सुरू होते. आधी भाताची खाचरं, मग माळ, मग टेकडीचा चढ. चढावर साग आणि ऐन. वर खिंड. खिंडीत पोचलं की कोळेघरची कौलं दिसतात. पलीकडे उतरलं की पुन्हा खाचरं, आणि ती सगळी हिरूबाबांची. गावात शिरायचं तर त्यांच्या बांधावरूनच. बांध दीड हात रुंद. एका वेळी एकच माणूस चालणार.

माझी हायस्कूलची शाळा कोळेघरला होती. पाच वर्षं मी रोज त्या बांधावरून गेलो. आम्ही आठ-दहा पोरं असायचो, मस्ती चालायची, एखाद्याचा पाय बांधावरून घसरून भातात पडायचा, की लगेच कुठून तरी ढेकूळ यायचं आणि पाठीत बसायचं. पाठोपाठ आवाज.

"पिकातून भायेर हो! बांदावर चढ!"

पुढे फौजेत मी फायरिंग रेंजवर चांगले चांगले नेमबाज पाहिले. हिरूबाबांच्या नेमाला तोड नव्हती. आणि हे फक्त स्वतःच्या शेतापुरतं नव्हतं. दुसऱ्याच्या भातात जरी कुणी पाय घातला तरी हे आपल्या बांधावरून ढेकूळ मारायचे. लोक चिडायचे, पण भांडायचं कुणी नाही, कारण म्हाताऱ्याचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे आमच्याकडे पोरांना जेवायच्या आधी हात धुण्याइतकंच पक्कं शिकवतात. दिनेशची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. त्याला हिरूबाबांनीच वाढवला. त्यामुळे इतरांना जे शिकवलं ते त्याच्यात हाडापर्यंत मुरलेलं होतं.

पोस्टवर कायदा नेमका उलटा होता.

वरच्या उतारावर जुनं माइनफील्ड, म्हणजे भूसुरुंग पेरलेला पट्टा, होतं. पाऊस लागला की डोंगराची माती सरकते आणि मातीबरोबर माइनही सरकते. तिला आम्ही ड्रिफ्ट माइन म्हणायचो. ती वाहत खाली येते आणि जिथे माती अडते तिथे अडकून राहते. माती अडते बांधाशी. बांध घालतात तेच मुळी माती अडवायला. म्हणून हुकूम असा, की वाटेवर चालायचं नाही, बांधावर चढायचं नाही. चालायचं ते पिकातून, कारण मक्याच्या ओळींमधली माती शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने निंदलेली असते, तिथे काही असतं तर त्याला आधी कळलं असतं. दोन माणसांत दहा पावलांचं अंतर. बोलणं बंद, सगळं हाताच्या खुणेने. हा हुकूम पहिल्याच संध्याकाळी मी सेक्शनला वाचून दाखवला आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतला.

दिनेश लीडिंग स्काउट होता, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा. त्याची नजर चांगली होती. पावलं हलकी. डोंगरात असा माणूस पुढे असला की मागच्या नऊ जणांना बरं वाटतं. पण मक्यात शिरायची वेळ आली की त्याचा चेहरा पडायचा. एखादं ताट मोडलं की थांबून ते उभं करायचा आणि बुटाने मुळाशी माती दाबायचा. मी पोस्टवर परतल्यावर त्याला झापलं.

"गायकर, तू पेट्रोलवर असतोस. निंदणीला नाही."

"हो दादा."

"ड्युटीवर दादा नाही. उस्ताद."

"हो उस्ताद."

दुसऱ्या दिवशी तेच. माणूस हुकूम मोडत नव्हता, मक्यातूनच चालत होता. फक्त त्याला ते सहन होत नव्हतं. एकदा रायफल साफ करताना मला म्हणाला, "दादा, आपल्याकडे एवढं पीक तुडवलं असतं तर बाबाने ढेकळं नाही, दगड मारले असते." मी हसलो. मलाही ते आवडत नव्हतं. मी फक्त तोंडावर दाखवत नव्हतो.

संध्याकाळी कधी कधी आम्ही दोघे ती आपली वाट चालायचो. म्हणजे तोंडाने. तो कोळेघरहून निघायचा, मी उंबरपाड्याहून. "मी खिंडीत पोचलो," तो म्हणायचा. "मी अजून माळावर आहे," मी. मग तो चिडवायचा, "हवालदार झालात आणि चाल गेली तुमची." बाकीच्या पोरांना वाटायचं दोघे येडे आहेत. पण घरापासून लांब असलेल्या माणसाला असले खेळ लागतात, आणि ते तेव्हा फार गोड वाटायचे.

सप्टेंबर उजाडला. मका तयार झाला. खालच्या गावात एक म्हातारा शेतकरी होता, त्याला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्याचं शेत बरोबर आमच्या रस्त्यात. आम्ही रोज तीन बाजूंनी वाट बदलायचो तरी कुठून तरी त्याच्याच शेतातून जावं लागायचं. एका दुपारी तो पोस्टच्या गेटवर आला. हातात मोडलेली चार-पाच ताटं, कणसांसकट. रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"साहब, चार दिन. बस चार दिन. फिर मैं काट लूँगा."

"देखेंगे, चाचा," मी म्हणालो. 'देखेंगे' म्हणजे नाही. ते त्यालाही कळलं.

तो गेल्यावर दिनेश माझ्याजवळ आला. "दादा, चार दिवस बांधावरून काढूया ना. वर्षभराचं धान्य आहे त्याचं."

"नाही."

"ठीक आहे, उस्ताद."

विषय तिथे संपला. निदान मला तसं वाटलं. जेवताना मात्र त्या मोडलेल्या ताटांवरची कणसं माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. दूध भरून झालेली, पिवळी पडलेली कणसं. कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला ते बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला आम्ही निघालो. त्याआधी दोन दिवस सलग पाऊस झाला होता आणि त्या सकाळी उघडला होता. ढग मात्र अंगावर आले होते. दोन दिवसांचा पाऊस, हे मी पुन्हा लिहितो. मी भाताच्या खाचरांत वाढलेला माणूस. दोन दिवस पाऊस झाला की वरची माती खाली कुठे येऊन बसते हे मला फौजेने शिकवायची गरज नव्हती.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी आम्ही चाचाच्या शेताशी आलो. दिनेश पुढे, दहा पावलांवर मी. त्या दिवशी दुसऱ्या नंबरवर मीच होतो. मागचे आठ जण वळणाच्या अलीकडे होते, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. समोर मका उभा. डाव्या हाताला दगडी बांध, शेताच्या कडेने सरळ वर गेलेला. शेतापलीकडे चाचाचं घर. तो दारात उभा होता. त्याने हात जोडले.

दिनेश थांबला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग बांधाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

मी मक्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याकडे पाहिलं. आणि होकाराची मान हलवली.

दिनेश हसला. सगळे दात दिसले त्याचे. मग तो बांधावर चढला. चौथ्या पावलाला स्फोट झाला.

तुमच्यापैकी बहुतेकांनी असा आवाज ऐकला नसेल. सिनेमात असतो तसा तो नसतो. एकच धाडदिशी आवाज, मग दगडमाती खाली पडल्याचा, मग काही नाही. मी मागे ओरडून सेक्शनला जागीच थांबायला सांगितलं. माझ्या आणि त्याच्यामध्ये दहा पावलं होती. तुम्ही म्हणाल, धावत जायचं. तसं जाता येत नाही. एक माइन असते तिथे दुसरी असू शकते, आणि दोन माणसं पडली तर उचलायला माणसं उरत नाहीत. संगीन काढली, गुडघ्यांवर बसलो आणि मातीत तिरकी खुपसत, एकेक वीत जागा तपासत पुढे गेलो. ती दहा पावलं जायला मला अकरा मिनिटं लागली. तो सगळा वेळ तो माझ्याकडे बघत होता. ओरडला नाही.

मी पोचलो. मांडीला दोरी आवळून बांधली. त्याने मान उचलायचा प्रयत्न केला.

"दादा, बूट बघ ना माझा."

"बघतो," मी म्हणालो.

मी तपासलेल्या जागेवरून रेडिओ ऑपरेटर मागोमाग आला आणि त्याने सेट माझ्या कानाला लावला.

"डेल्टा वन, डेल्टा टू. माइन कॅज्युअल्टी वन. सीरियस. चॉपर पाहिजे. ओव्हर."

"डेल्टा वन. रॉजर. स्टँड बाय."

सात वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं.

"डेल्टा टू, डेल्टा वन. चॉपर नाही. ढग खाली आहेत. पायी आणा. ओव्हर."

"डेल्टा टू. विलको. आउट."

पोस्टवरून नर्सिंग असिस्टंट स्ट्रेचर घेऊन आला. बांधावरून नेणं शक्य नव्हतं, मक्यातूनच न्यायचं होतं. चौघांनी दोन्ही बाजूंनी उचललं, पण ताटं इतकी दाट की स्ट्रेचर पुढे सरकेना. तेवढ्यात चाचा विळा घेऊन आमच्या पुढे धावला. कंबरेत वाकून सपासप स्वतःचा मका कापत सुटला. आमच्यासाठी रस्ता करत. ज्या पिकासाठी त्याने हात जोडले होते तेच पीक. मधेच तो रडत होता, पण हात थांबला नाही. शेत संपेपर्यंत तो पुढे होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी, गाडीचा रस्ता समोर दिसत असताना, नर्सिंग असिस्टंटने स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितलं. त्याने दिनेशच्या मानेला बोटं लावली आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती माइन जुनी होती. कुणाची, हे कुणी सांगू शकलं नाही.

मी त्याच्याच भागातला, म्हणून शवपेटीबरोबर मला पाठवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला पोचलो. तिथून गाडीने निघालो, तर कोळेघरचा रस्ता बंद. ओढ्याच्या पुलावरून कमरेएवढं पाणी वाहत होतं. गाडी दुसऱ्या बाजूने उंबरपाड्यापर्यंतच जाऊ शकत होती. मग गावकऱ्यांनी ठरवलं, आपल्या वाटेने खांद्यावर न्यायचं.

चेडोबापासून आम्ही निघालो. दोन्ही गावांची माणसं होती. माळ चढलो, खिंड ओलांडली, खांदे बदलत खाली उतरलो. पुढे हिरूबाबांची खाचरं आली आणि सगळे थबकले. बांध दीड हाताचा. पेटी नेणारी माणसं दोन्ही बाजूंना. बांधावर पेटी मावत होती, माणसं मावत नव्हती. दोन्हीकडच्यांचे पाय भातात पडणार होते. भात निसवायला, लोंब्या बाहेर पडायला, आलं होतं. त्या शेतात पाय घालायची हिंमत दोन गावांत कुणाची नव्हती, अगदी त्या दिवशीही. सगळे खांद्यावर पेटी घेऊन तसेच उभे.

पलीकडच्या टोकाला हिरूबाबा उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती.

"घाला पाय," ते म्हणाले. "घाला रं. माजा पोऱ्या हाय."

आम्ही पाय घातले. पिकातून त्याला नेण्याची माझी ही दुसरी वेळ.

क्रियाकर्म झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "कसा झाला रं, विष्ण्या?"

"माइन होती, बाबा. पावसाने वरून सरकलेली."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

परत गेल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. माझं स्टेटमेंट घेतलं. मी सांगितलं, "लीडिंग स्काउट बांधावर चढला आणि स्फोट झाला." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मान हलवली ती सेक्शनमधल्या कुणी पाहिली नव्हती आणि त्याबद्दल कुणी विचारलं नाही. बांधावर चढायची मनाई होती का? होती. सगळ्यांना सांगितली होती का? होती, वाचून दाखवली होती. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, याची मला अजून लाज वाटते. दोन वर्षांनी मी नायब सुभेदार झालो.

स्टेटमेंटवरून कमांडिंग ऑफिसरनी हिरूबाबांना पत्र लिहिलं. चांगलं पत्र होतं, मनापासून लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं की तुमचा मुलगा शूर होता, पेट्रोलच्या पुढे चालत असताना अनवधानाने त्याचं पाऊल बांधावर पडलं. शाळेतल्या गुरुजींनी ते पत्र हिरूबाबांना वाचून दाखवलं. ते मला नंतर कळलं.

पुढच्या सप्टेंबरला रजा काढून मी गेलो. दिनेशच्या दिवशी त्या वाटेने चालायचं असं मी ठरवलं होतं. खिंडीतून खाली उतरलो तर हिरूबाबा बांधावर काठी घेऊन बसलेले. लाकडाची मोळी घेतलेली एक बाई समोरून येत होती, तिला त्यांनी अडवलं.

"बांदावरशी नको. पिकातून जा."

"बाबा, भात तुडवला जाईल ना," ती म्हणाली.

"जाऊ दे. तू पिकातून जा."

ती बिचारी घाबरत, पाय उचलत उचलत भातातून गेली. मीही तसाच गेलो. त्यांच्या शेतातून एक मोठी चरी पडल्यासारखी वाट तयार झाली होती, दोन माणसं शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद, सगळं पीक झोपलेलं. गावात लोक म्हणाले, म्हातारा फिरला. ज्याने जन्मभर ढेकळं मारली, तोच आता लोकांना हाताला धरून पिकात घालतो. मला कारण कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं.

मी रिटायर झालो. कल्याणला मुलाच्या नावाने फ्लॅट घेतला, एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून काम धरलं. बाजारात जाताना बायको ओरडते, "अहो, जवळून चाला ना, मी काय परकी आहे?" दहा पावलांचं अंतर माझ्या पायांतून गेलं नाही. दर सप्टेंबरला मात्र मी सकाळची गाडी पकडून खडवलीला जायचो आणि ती वाट चालायचो. माळावर आता तारेचं कुंपण पडलंय, वर फार्महाऊसचे प्लॉट पडलेत, त्याला वळसा घालावा लागतो. खिंड अजून आहे. पूर्ण वाटेत मी कुठेही बांधावर पाय ठेवत नव्हतो. उंबरपाड्याच्या बाजूलाही नाही. माझ्याच भावकीतले लोक मला शिव्या घालायचे.

चार वर्षांपूर्वी, मी हिरूबाबांच्या ओटीवर चहा पीत बसलो असताना, त्यांनी स्वतःहूनच विषय काढला.

"मीच शिकवला तेला. बांद सोडू नको, बांद सोडू नको. ल्हानपनी दोनदा मारला पन व्हता. साहेबानं लिवलाय, बांदावर चढला म्हनून. तो चढनारच ना. तेला दुसरा काय म्हाईत?" चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. "माज्या शिकवन्यानं गेला पोऱ्या."

मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. कप हातात होता, तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, "नशीब, बाबा." आणि निघालो. खिंडीत पोचल्यावर मी बसलो आणि स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या कुठल्या रिक्रूटलाही दिल्या नसतील. शत्रूसमोर मी कधी मागे हटलो नाही, आणि एका म्हाताऱ्याच्या चहाच्या बशीसमोरून पळून आलो होतो. त्यानंतरच्या तीन सप्टेंबरलाही तसाच गेलो आणि तसाच परतलो.

या सप्टेंबरला दहा वाजून वीस मिनिटांनी मी खिंडीतून उतरलो. हिरूबाबा शेतात होते. धोतर खोचलेलं, हातात फावडं. ऐंशीच्या पुढचा माणूस, पाठ वाकलेली, आणि बांध खोदत होता. दोन हात रुंद भगदाड पाडून झालं होतं. खाचरातलं पाणी त्यातून भसाभस खाली ओढ्याकडे चाललं होतं. भात पोटरीत होतं, लोंबी अजून आतच. आता पाणी गेलं की दाणा भरणार नाही, नुसता पळिंज होईल, हे त्या शेतात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

मी पिकातून चालत त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबलो.

"बाबा, काय करताय? पाणी चाललं सगळं."

"जाऊ दे. बांद काढतो." त्यांनी फावडं पुन्हा मारलं. "मी मेल्यावर लोकं परत चढतील. नकोच तो. पोऱ्या खाल्ला माजा."

"बाबा, थांबा."

"तू चहाला जा घरी. आलो मी."

"बाबा, तो स्वतःहून नाही चढला. मी चढवला."

फावडं थांबलं. मी कधी सावधान उभा राहिलो ते मला कळलं नाही. घोट्याएवढ्या चिखलात, भातात. मी सगळं सांगितलं. दोन दिवसांचा पाऊस, चाचाचे जोडलेले हात, वेळ, अंतर. स्टेटमेंट देतात तसं. मला दुसऱ्या पद्धतीने सांगताच आलं नसतं.

"तेनं तुला इचारला?"

"हो. मागे वळून बांधाकडे बोट केलं. आदल्या दिवशीही विचारलं होतं. तेव्हा मी नाही म्हणालो, तर त्याने ऐकलं."

"आनि मंग तू हो बोललास."

"मान हलवली."

"इचारून चढला," ते म्हणाले. माझ्याशी नाही, फावड्याशी. "माजा पोऱ्या इचारून चढला."

"हो, बाबा. हुकमाने चढला. चूक माझी होती. तुमची नव्हती, त्याची नव्हती. मी लपवलं."

पाण्याचा आवाज येत होता. मग ते खाली वाकले, खोदलेल्या मातीतलं एक ढेकूळ उचललं आणि मारलं. ऐंशी वर्षांचा हात, पण नेम तोच. ढेकूळ खांद्याच्या हाडावर बसलं. कळ थेट मनगटापर्यंत गेली.

"पिकातून भायेर हो!" आवाज फाटला होता. "बांदावर चढ! दिसत नाय, भात हाय माजा! बांदावर चढ!"

माझे पाय हलेनात. त्या सकाळनंतर मी कुठल्याच बांधावर चढलो नव्हतो. त्यांनी दुसरं ढेकूळ उचललं. मी पाय उचलला, बांधावर ठेवला, दुसरा ठेवला. काही झालं नाही. नुसती ओली माती, गवत आणि एक खेकड्याचं बीळ. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. त्या अकरा मिनिटांत रडलो नव्हतो, पेटीजवळ रडलो नव्हतो. ते सगळं तिथे निघालं. हिरूबाबा जवळ आले नाहीत. तेही रडत होते, माझ्याकडे पाठ करून.

मग त्यांनी फावडं माझ्या पुढ्यात टाकलं. ते मातीचे गोळे हाताने देत गेले, मी भगदाड भरत गेलो, पायाने दाबत गेलो. सव्वाबाराला पाणी थांबलं. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. निघताना त्यांच्या बांधावरून मी खिंडीकडे वळलो, तेव्हा मागून आवाज आला.

"फुडच्या साली येशील ना?"

"येऊ, बाबा?"

"ये. बांदावरशी ये."

मी खिंडीत थांबून मागे पाहिलं. म्हातारा काठी टेकत बांधावरून घरी चालला होता. शेतातल्या तुडवलेल्या चरीकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. येत्या वर्षी तिथे लावणी होईल.

घरी आल्यावर मी कागद काढला. इतकी वर्षं उलटल्यावर जुन्या इन्क्वायरीची फाइल उघडतील की नाही, मला माहीत नाही. तरी खरं काय झालं ते लिहून मी पलटणीच्या पत्त्यावर पाठवलं आहे, आणि तेच इथेही लिहून ठेवतो, म्हणजे कुठे तरी ते राहील.

लान्स नायक दिनेश हिरू गायकर, राहणार कोळेघर. लीडिंग स्काउट. सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी त्याने बांधाकडे बोट करून परवानगी विचारली. सेक्शन कमांडर हवालदार विष्णू शेलार याने मान हलवली. मग तो चढला.